डोमेनचे नियम ठरतात तिथे आपलं कोण ऐकतं?

प्रश्न : आमच्या वाचनालयाचं संकेतस्थळ डॉट ऑर्गवर आहे. दरवर्षी नूतनीकरणाचं बिल मीच भरते. भाचा म्हणतो, संकेतस्थळांच्या नावांचे, म्हणजे डोमेनचे, नियम आयकॅन नावाची संस्था ठरवते, ती जगभर बैठका घेते आणि तिथे कुणीही जाऊन बोलू शकतं. हे खरं का? आणि आमच्यासारख्यांच्या बोलण्याला तिथे काही किंमत असते का?
— एका वाचनालयाच्या कार्यवाह, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, भाचा बरोबर सांगतोय. आयकॅन ही 1998 साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेली विनानफा संस्था. वर्षातून तीन बैठका, त्याही फिरत्या खंडांत. नाव नोंदवावं लागतं, फी नाही, आणि घरबसल्या ऑनलाइनही भाग घेता येतो.

नोव्हेंबर 2016 मधली बैठक हैदराबादला होती, तिला मी गेलो होतो. खुल्या सत्रात समोर संचालक मंडळ बसतं, सभागृहात माइक असतो, त्यामागे रांग. बोलायला दोन मिनिटं, आणि पडद्यावर उलटे आकडे पळत असतात. सरकारी अधिकारी असो की कॉलेजातली मुलगी, वेळ सगळ्यांना तेवढीच. ते बघून मी खरंच भारावलो होतो. पण निर्णय त्या माइकपाशी होत नाहीत. ते महिनोन् महिने चालणाऱ्या कार्यगटांत आणि लेखी हरकतींमध्ये घडतात.

आता बोलण्याला किंमत असते का, याचं. तुमच्याच डॉट ऑर्गचं उदाहरण घ्या. पूर्वी त्याची घाऊक किंमत, म्हणजे नाव विकणाऱ्या कंपन्यांना पडणारी किंमत, वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नसे. 2019 मध्ये आयकॅन आणि डॉट ऑर्ग चालवणारी संस्था यांच्यातल्या नव्या करारातून ही मर्यादा काढायचं ठरलं. तीन हजारांहून अधिक लेखी मतं आली, जवळजवळ सगळी विरोधात. तरी मर्यादा काढलीच. मला तो निर्णय तेव्हाही चुकीचा वाटला, आजही वाटतो.

त्याच वर्षी, 2019 च्या नोव्हेंबरात, डॉट ऑर्ग चालवणारी संस्थाच इथॉस कॅपिटल या गुंतवणूक कंपनीला 113.5 कोटी डॉलरना विकायचं जाहीर झालं. या वेळी जगभरच्या सेवाभावी संस्था उठल्या. त्यांनी पत्रं लिहिली, निदर्शनं केली. एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलनीही विरोधाचं पत्र धाडलं आणि 30 एप्रिल 2020 रोजी आयकॅनने परवानगी नाकारली. म्हणजे नुसत्या मतांच्या ढिगाने काम झालं नाही. संघटित आवाज आणि कायद्याचा धाक एकत्र आले तेव्हा झालं.

मराठी माणसाने तिथे असायला हवं याचं आणखी एक कारण आहे. डॉट भारत देवनागरीत 2014 मध्ये सुरू झालं, त्यात मराठीही होती. पुढे शेवटच्या टिंबानंतरच्या नावात कोणती अक्षरं चालतील याचे नियम लिपीवार लिहिले गेले. देवनागरीसह भारतातल्या नऊ लिप्यांचं काम एकाच गटाकडे होतं आणि त्यात पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेतली मंडळीही होती. आपल्या ‘वऱ्हाड’मधला अर्धा ऱ हिंदीत लागत नाही. त्याची गरज सांगणारं माणूस गटात नसेल, तर असं अक्षर यादीबाहेर राहायला वेळ लागत नाही.

रजिस्ट्रारने, म्हणजे तुम्हाला नाव विकणाऱ्या कंपनीने, जास्त बिल लावलं, ही तक्रार मात्र या बैठकीत सुटणार नाही. ती आधी त्यांच्याकडेच करा.

तुम्हाला खरंच भाग घ्यायचा असेल तर प्रवासाचा खर्च आत्ताच करू नका. नव्या प्रस्तावांवर लेखी मत द्यायला साधारण 40 दिवस मिळतात. तिथून सुरुवात करा. जिल्ह्यातली चार-पाच वाचनालयं मिळून एकच पत्र लिहा. सभासद किती, वर्गणी किती, नूतनीकरणाला किती जातात, हे आकड्यांत मांडा. पत्र इंग्रजीत करायला भाचा मदत करेलच. मसुदा माझ्याकडे पाठवलात तर मी आनंदाने नजर टाकेन.