न सरकणारा ठिपका

प्रश्न : मी गोंदियाला पायलटचं प्रशिक्षण घेते आहे. सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीत, दुसरं विमान असल्याचं रेडिओवर ऐकते, सगळीकडे नजर फिरवते, पण ते दिसतच नाही. इन्स्ट्रक्टर ‘बाहेर बघ’ एवढंच म्हणतात. बघायचं कसं?

उत्तर : नजर फिरवता, घोटाळा तिथेच आहे. फिरत्या नजरेला फारसं काही दिसत नाही. डोळा बारीक बघतो तो जेमतेम दोन अंशांत, हात लांब केल्यावर अंगठा जेवढा रुंद दिसतो तेवढ्या तुकड्यात. बाकी भागाला मुख्यतः हालचाल कळते. आणि तुमच्यावर आदळायला निघालेलं विमान नेमकं हलत नाही! दोघांची दिशा आणि वेग कायम असेल तर ते काचेवर एकाच जागी चिकटून राहतं, बराच वेळ ठिपक्याएवढंच, आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम मोठं होतं. काचेवर मेलेला किडाही असाच दिसतो, म्हणून उड्डाणाआधी काच स्वतः पुसा.

आकाशाचे दहा-दहा अंशांचे तुकडे पाडा. लांब केलेल्या हाताची मूठ म्हणजे साधारण दहा अंश. प्रत्येक तुकड्यावर नजर निदान एक सेकंद थांबवा, मग पुढे. मोकळ्या आकाशात डोळा काही मीटरवरच फोकस धरून बसतो. मधूनमधून लांबच्या ढगाकडे किंवा क्षितिजावरच्या झाडीकडे बघून त्याला बाहेर पाठवा. खिडकीच्या खांबाआड विमान लपतं, तेव्हा डोळे नव्हे, मान हलवा.

हिशेब करून बघा. 100 नॉटची (ताशी साधारण 185 किलोमीटर) दोन विमानं समोरासमोर आली, तर अंतर सेकंदाला शंभरेक मीटरनं घटतं. दिसल्यापासून विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत साडेबारा सेकंद धरतात. म्हणजे सव्वा किलोमीटर गेलंच.

दिसलेलं विमानही हरवतं, बरं का. 1978 मध्ये सॅन दिएगोला उतरणाऱ्या बोइंग 727 च्या वैमानिकांनी पुढचं छोटं सेसना विमान दिसल्याचं कळवलं होतं. नंतर ते दिसेनासं झालं, ‘उजवीकडून गेलं असावं’ असा त्यांनी समज करून घेतला. ते खाली, पुढेच होतं. दोन्ही विमानं आदळली, 144 माणसं गेली. तेव्हा दिसेनासं झालं की रेडिओवर तसं स्पष्ट सांगा, लाजू नका.

आणि सेसना 172 सारखं, पंख केबिनच्या वर असलेलं विमान उडवत असाल, तर वळण्याआधी त्या बाजूचा पंख जरा उचलून खाली-पलीकडे बघा. एकदा वळायला लागलात की तोच पंख वळणाची अख्खी बाजू झाकतो.