नाखिमोवचा चेहरा राहू दे, आधी तळ बघा

प्रश्न : नोकरीनिमित्त मी लाटव्हियातल्या रिगात असतो. इथल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात रशियन ॲडमिरल नाखिमोवचं लिथोग्राफ, म्हणजे दगडावरून छापलेलं चित्र, फ्रेम करून लावलंय. क्रिमियन युद्धाच्या काळातलं, टिम या चित्रकाराचं अस्सल काम आहे असं दुकानदार सांगतो. मागतोय 180 युरो. खरं-खोटं कसं ओळखायचं? बाबा नौदलातून निवृत्त झालेत, त्यांना रत्नागिरीला पाठवायचा विचार आहे.

उत्तर : वासिली टिमचा जन्मच रिगाचा, 1820 सालचा. त्यामुळे तिथल्या दुकानदाराला त्याचं नाव पाठ असणारच, त्यावर भुलू नका. टिम पीटर्सबर्गहून 1851 ते 1862 पर्यंत ‘रूस्की खुदोझेस्त्वेन्नी लिस्तोक’ हे चित्रपत्र काढायचा, महिन्यातून तीनदा. 1855 मध्ये, क्रिमियन युद्धात ब्रिटिश-फ्रेंच फौजांनी वेढलेल्या सेवास्तोपोल या रशियन बंदरात तो गेला. तुर्की आरमाराविरुद्ध सिनोपची लढाई जिंकणारा नाखिमोव तिथेच होता, पण चित्रासाठी बसायला काही तयार नव्हता. शेवटी चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना टिमने त्याला एका बाजूने चोरून रेखाटलं, असं सांगतात. त्याच उन्हाळ्यात मालाखोव टेकडीवर नाखिमोवच्या डोक्यात गोळी लागली आणि तो गेला. मग पुढच्या लोकांनी त्या चेहऱ्यावरून नकला काढल्या, आणि नकलांच्याही नकला निघाल्या.

म्हणून दुकानदाराला फ्रेम उघडायला सांगा. नाही म्हणाला तर नमस्कार करून बाहेर पडा.

दहापट मोठं दाखवणारं भिंग न्या. दगडावरून छापलेल्या चित्रात गालाची सावली खडूच्या रेघेसारखी दिसते : दाणेदार, कुठे दाट, कुठे विरळ. ठिपके ओळीत, जाळीसारखे बसलेले दिसले तर ती फोटोवरून केलेली नंतरची छपाई. आपल्याकडे मळवलीच्या रविवर्मा प्रेसची म्हणून खपवलेली कितीतरी लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं या एका भिंगाने मी परत पाठवली आहेत.

आता तळ. चित्राखालचा मजकूर शाबूत आहे का? जुन्या रशियन लिपीत नाखिमोवच्या नावाच्या शेवटी एक मुकं अक्षर असायचं, इंग्रजी छोट्या ‘बी’च्या डोक्याला डावीकडे शेंडी काढल्यासारखं. 1918 च्या सुधारणेत शब्दाच्या शेवटचं हे अक्षर गेलं. नाव त्याच्याविना छापलेलं असेल तर कागद युद्धकाळातला नाही, विषय संपला. असेल तर मात्र लगेच हुरळून जाऊ नका, कारण फोटोवरून काढलेल्या नकलेतही ते येतंच. तारीख असेल तर ती आपल्या कॅलेंडरच्या बारा दिवस मागे असणार, कारण रशियात तेव्हा जुनं कॅलेंडर चालायचं. नाखिमोवच्या मृत्यूची तिथली तारीख 30 जून, आपली 12 जुलै. छपाईला तेव्हा सरकारी सेन्सॉरची परवानगी लागायची, त्या परवानगीची ओळ दिसली तर फारच छान.

पुष्कळ विक्रेते हा सगळा मजकूर कापून टाकतात, फ्रेममध्ये नुसता चेहरा भरतात. मला याची मनापासून चीड आहे. कागदाची कुंडलीच कापली जाते, वर दाम तोच. असं छाटलेलं चित्र खरं असलं तरी मी त्याला निम्मेही पैसे देणार नाही. उलट समास पूर्ण असेल आणि कोपऱ्यावर तांबूस डाग असतील तर खुशाल घ्या. डागांनी किंमत पाडून मिळते.

कोर्निलोव, इस्तोमिन आणि नाखिमोव हे तिन्ही ॲडमिरल त्याच वेढ्यात पडले, म्हणून दुकानदार तिघांचा संच गळ्यात मारायला बघेल. एकच घ्या, पण नीट पारखून.

रत्नागिरीचं म्हणाल, तर तिथली दमट हवा आणि कसर हे खरे शत्रू. लॅमिनेशन अजिबात नको, सेलोटेपही नको. मागे हार्डबोर्ड लावू नका, आम्लविरहित पुठ्ठा लावा. काच कागदाला टेकता कामा नये, मध्ये माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची पट्टी हवी. बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, पावसाळ्यात तिला ओल येते. आणि पार्सल दिवाळीनंतरच पाठवा.