शंका-समाधान : शंभरपर्यंत भाग गेला नाही, म्हणून मूळ संख्या?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. तिने 2 चा वर्ग, त्या वर्गाचा पुन्हा वर्ग, असे करत 2, 4, 16, 256, 65536 या संख्या लिहिल्या आणि प्रत्येकीत 1 मिळवला. आलेल्या 3, 5, 17, 257, 65537 या पाचही संख्या मूळ आहेत. पुढची संख्या 4294967297 येते. तिला 100 पर्यंतच्या पंचवीस मूळ संख्यांपैकी एकीनेही भाग जात नाही. मग ती मूळ मानावी का?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : मानू नये, मात्र आपल्या मुलीला जे वाटले तेच फर्मा या थोर फ्रेंच गणितज्ञाला सतराव्या शतकात वाटले होते, हे तिला अवश्य सांगावे. या रीतीने येणारी प्रत्येक संख्या मूळच असेल, असा त्याचा विश्वास होता. 1732 मध्ये स्विस गणितज्ञ ऑयलरने या सहाव्या संख्येला 641 ने नि:शेष भाग जातो हे दाखवून दिले.

एखादी संख्या मूळ आहे असे ठरवायचे, तर तिच्या वर्गमूळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. येथे वर्गमूळ 65536 हून किंचित अधिक आहे आणि तिथपर्यंत 6542 मूळ संख्या आहेत, म्हणजे पंचवीस भागाकार ही केवळ सुरुवात झाली. मात्र ऑयलरनेच सिद्ध केलेला एक नियम हे काम कमालीचे हलके करतो : या संख्येच्या कोणत्याही मूळ भाजकाला 64 ने भागले असता बाकी 1 च उरते. त्यामुळे 193, 257, 449, 577 आणि 641 एवढ्याच मूळ संख्या क्रमाने तपासाव्या लागतात आणि पाचव्या प्रयत्नात भाग जातो. मला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो.

भागाकार कागदावरच करावा. 42949 मध्ये 641 सदुसष्ट वेळा जातात आणि बाकी 2 उरते. 6 खाली घेतल्यावर 26, मग 267, अशा दोन्ही वेळा भागाकारात शून्य मांडावे लागते. 2672 ला 4 चा भाग लागून 108 उरतात, 1089 ला 1 चा भाग लागून 448, आणि शेवटचे 4487 म्हणजे नेमके 641 गुणिले 7. भागाकार येतो 6700417.

आता ही संख्या मूळ आहे का, असे ती विचारेल. तिचे वर्गमूळ 2589 हून लहान आहे आणि तिचा प्रत्येक भाजक 4294967297 चाही भाजक असल्याने वरचाच नियम तिलाही लागू होतो. पहिल्या चार संख्या आधीच बाद झाल्या आहेत. म्हणून 641, 769, 1153, 1217, 1409, 1601 आणि 2113 हे सात भागाकार पुरेत. सातही वेळा बाकी उरते.