रिकामी टाकीच जास्त धोक्याची

बाळा,

पेट्रोल पंपावरची जमिनीखालची जुनी टाकी काढायचं काम तुझ्याकडे आलंय असं कळलं, म्हणून लगेच लिहितोय, फोनवर एवढं नीट बोलणं होत नाही.

पहिल्याच दिवशी कोणीतरी तुला म्हणणार, साहेब टाकी रिकामीच आहे, झाकण उघडून ठेवू, संध्याकाळपर्यंत गॅस उडून जाईल. हे अजिबात ऐकू नकोस. पेट्रोल उपसलं तरी तळाला गाळ उरतो आणि त्याची वाफ अख्खी टाकी भरून बसते. ही वाफ हवेत साधारण 1.4 ते 7.6 टक्के असते तेव्हाच पेट घेते, बंद टाकीत ती बहुतेक वेळा त्याच्या बरीच वर असते म्हणून पेटत नाही. झाकण उघडलं की हवा आत शिरते, वाफ पातळ होत होत नेमकी त्या टप्प्यात येते, म्हणजे ज्याला आपण खबरदारी समजतो तीच टाकीला स्फोटाच्या तोंडाशी आणून ठेवते. वर ती हवेपेक्षा तीन-चार पट जड, त्यामुळे बाहेर पडली तरी उडून जात नाही, खड्ड्यात साचते, जिथे आपली पोरं फावडी घेऊन उभी असतात.

म्हणून आधी उरलेलं सगळं हातपंपाने किंवा हवेवर चालणाऱ्या पंपाने उपस, ठिणगी पडू नये म्हणून टाकी आणि ज्यात उपसतोस ते पिंप दोन्हीकडे अर्थिंग कर, प्लॅस्टिकची बादली साइटवर दिसता कामा नये. मग आतला ऑक्सिजन हटून वाफ पेटूच नये म्हणून नायट्रोजन सोड किंवा ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, टाक. 20 हजार लिटरच्या टाकीला साधारण 36 किलो लागतो, फोडून तळाला सगळीकडे पसरायचा, जाड हातमोजे घालूनच, आणि त्याचा गॅसही जड असतो, खड्ड्यात साचला तर माणूस गुदमरतो हे पोरांना आधीच सांगून ठेव.

आता मीटरचं. नेहमीच्या एलईएल मीटरला, म्हणजे वाफ पेट घेण्याच्या किमान प्रमाणाच्या किती टक्के आहे ते दाखवणाऱ्या मीटरला, चालायला ऑक्सिजन लागतो, त्यामुळे नायट्रोजन भरलेल्या टाकीत तो गॅस असूनही शून्याच्या आसपास दाखवू शकतो आणि सगळे खूश होतात. म्हणून आधी ऑक्सिजनचं रीडिंग बघ, मग एलईएलचं, आणि दोन्ही वर, मध्ये, तळाला घे. अशा टाकीत ऑक्सिजन कमीच दिसायला हवा आणि तिथे कोणी उतरायचं नाही. माणूस आत पाठवायचाच असेल तर आधी हवा खेळवून टाकी साफ झाली पाहिजे, ऑक्सिजन किमान 19.5 टक्के, एलईएल 10 टक्क्यांच्या खाली, हातात गॅस-फ्री सर्टिफिकेट, बाहेर दोरी धरून माणूस. आणि आत कोणी कोसळला तर श्वासाचा सेट घातल्याशिवाय दुसऱ्याने उतरायचं नाही, हे रोज सकाळी सांग, कारण एकाला वाचवायला गेलेला दुसराही जातो आणि घरी रडणारी माणसं दुप्पट होतात, मला हे सहनच होत नाही.

आपल्याकडे शिसंवालं पेट्रोल 2000 साली बंद झालं, तुझी टाकी त्याच्या आधीची असली तर गंज आणि गाळ उघड्या हाताने खरवडू देऊ नकोस.

खड्ड्याच्या कडा उतरत्या ठेव, माती काठापासून लांब टाक, एक घनमीटर माती दीड टनाच्या वर भरते, अंगावर आली तर ओढून काढायलाही वेळ मिळत नाही. शिडी कायम लावलेली असू दे. हायड्रा क्रेनने उचलताना पट्टा टाकीच्या लिफ्टिंग लगलाच, म्हणजे उचलायच्या कडीलाच, लाव, पाइपला नाही, आणि खाली कोणी नको. बाहेर काढल्यावर सगळी तोंडं प्लग कर, वरच्या एकाच प्लगला बारीक भोक ठेव, आणि भंगारवाला तिथेच गॅस कटर लावू म्हणाला तर सरळ हाकलून दे.

जून लागायच्या आत उरक, खड्ड्यात पाणी भरलं तर रिकामी टाकी तरंगून वर येते. मालक घाई करेल, त्याला मी सांगतो. परमिट आणि रीडिंगचा फोटो काम सुरू करायच्या आधी मला पाठव, मी बघून फोन करेन, तोपर्यंत टाकीला कोणी हात लावायचा नाही.