पोहता येईल असा जलपरीचा टॉप घरी शिवता येतो का? मोती-शिंपले ग्लू गनने चिकटवले तर टिकतात का?

ग्लू गन कपाटात ठेवून द्या. बाकीचं नंतर.

तुम्ही लिहिलंय की लेकीसाठी जलपरीची शेपटी ऑनलाइन मागवली, सोबत आलेला टॉप नुसता फोटोपुरता निघाला, म्हणून आता तिच्या ब्लाउजच्या मापावर सॅटिनचा शिवून वर मोती-शिंपले चिकटवायचा विचार आहे. हे वाचून राहवलं नाही. हुबेहूब हाच टॉप आमच्या घरात होऊन गेलाय.

मी अंमळनेरला शिवणकाम करते. ब्लाउज, ड्रेस, आणि थंडीत शाळांच्या गॅदरिंगचे कपडे. माझ्या जाऊबाई जळगावला फॅन्सी ड्रेस भाड्याने देतात. आम्हा दोघींचं एका गोष्टीवरून पहिल्यापासून वाजतं. त्या म्हणतात, हाताच्या टाक्याचे पैसे कोणी देत नाही, चिकटव आणि मोकळी हो. मी म्हणते, चिकटवलेलं काम हे कामच नव्हे. स्टेजवर एक गाणं नाचायचं असतं तेव्हा त्यांचं खरं ठरतं, हे मान्य. पाण्यात नाही.

तर पुतणी उन्हाळी शिबिरात पोहायला शिकली आणि शेवटच्या दिवशी तिने जलपरी व्हायचं ठरलं. मोबाइलवर तिने फ्लोरिडातल्या विकी वाचीच्या बायका पाहिल्या होत्या. तिथल्या झऱ्यात १९४७ पासून हे खेळ चालतात, बायका पाण्याखालीच हवेच्या नळीने श्वास घेतात. जाऊबाईंनी तयार पॅडचा ब्लाउज आणला, वर हिरवं सॅटिन, त्यावर टिकल्या, मोती, खरे शिंपले, सगळं ग्लू गनने. दिसायला सुंदर होता, खोटं कशाला बोलू. पण मे महिना, जळगाव, आणि टॉप गाडीच्या डिकीत! हा डिंक उष्णतेने वितळतो म्हणूनच तर गनमधून बाहेर येतो. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तो पुन्हा मऊ पडणारच. तलावावर पोचेपर्यंत एक शिंपला बगलेत गेला होता. तरी तालमीला पोरीला पाण्यात उतरवलीच. सॅटिनला ताण नाही, हात वर केले की अख्खा टॉप वर. पॅडच्या फोमात पाणी भरलं, तो लोंबायला लागला. टिकल्या सुटून पाण्यावर आल्या. तिथल्या सरांनी शिट्टी मारून तिला बाहेर काढलं, कारण तो कचरा फिल्टरमध्ये जाऊन बसतो. पोरगी रडतेय, आणि मला जाऊबाईंचा फोन: "आता तूच काहीतरी कर वं."

केलं. जिम्नॅस्टिकच्या ड्रेससाठी सुरतेहून आणलेली फोर-वे लायक्रा शिल्लक होती. सुरतेला जाणाऱ्या रेल्वेच्या ताप्ती लाइनवर राहायचा तेवढाच फायदा. नायलॉनमध्ये साधारण वीस टक्के स्पँडेक्स (लायक्रातला ताणणारा धागा) असलेलं कापड घ्या, आडवं-उभं दोन्हीकडे ताणून सोडलं की जागेवर आलं पाहिजे. विकत घेण्याआधी तुकडा ओला करून उजेडासमोर धरा. पांढरा आणि फिका पिवळा रंग ओला झाला की आरपार दिसतो, दुकानदार हे सांगत नाही. सासरे इथल्या प्रताप मिलमधले, म्हणजे कापड गिरणीतले. त्यांनी ते कापड दोन बोटांत ताणलं आणि विचारलं, "हाई कापड शे का रब्बर?" वर सुती दोरा वापर म्हणाले. सुती दोरा ह्यात चालत नाही. कापड ताणलं की तो तटातट तुटतो. पॉलिएस्टर दोरा, बॉलपॉइंट म्हणजे गोल टोकाची सुई, बारीक झिगझॅग. इंटरलॉक मशीन नसलं तरी अडत नाही.

ब्लाउजचं माप विसरा. ब्लाउजला आपण अंगापेक्षा सैल कापतो, इथे अंगापेक्षा लहान कापायचं, दहा टक्क्यांच्या आसपास. तीस इंच छाती असेल तर सत्तावीस. तुमच्या लेकीचा नेटका बसणारा स्विमसूट असेल तर तोच कागदावर ठेवून आखा, टक्स वगैरेच्या भानगडीत पडू नका. गळा उंच ठेवा. जलपरीसारखं पोहताना हात पुढे असतात आणि पाणी सरळ गळ्यावर आपटतं. गळा खोल असला की पाणी आत शिरून टॉप खाली ओढतं. मानेमागे गाठ बांधायचा हट्ट सोडा, सगळा भार मानेवर येतो आणि ओली गाठ सुटत नाही. पाठीवर फुलीसारखे पट्टे, डोक्यातून घालायचं. हुक नकोच, गंजतात. लहान मुलीला पॅड कशाला लागतं हे मला अजून कळलेलं नाही.

छातीखालची पट्टी म्हणजे ह्या टॉपचा जीव. इलास्टिक कडेपेक्षा थोडं आखूड कापून, ताणत ताणत झिगझॅगने बसवायचं, मग दुमडून पुन्हा एकदा. परकराचं पांढरं इलास्टिक क्लोरीनने लवकरच ढिलं पडतं, स्विमसूटचं रबरी मागा. अस्तरही ताणणारंच हवं. साधं अस्तर लावलं की वरच्या लायक्राचा उपयोग संपला.

आता शिंपले. खरा शिंपला अंगावर नको, जड असतो आणि फुटला की कड कापते. मी त्याच लायक्राचे दोन थर घेऊन शिंपल्याचा आकार कापला, वर पंख्यासारख्या रेषा झिगझॅगने मारल्या. उठाव आपोआप येतो. मोती-टिकल्या अस्तर जोडायच्या आधी वरच्या कापडावर लावायच्या, म्हणजे गाठी आत दडतात, अंगाला टोचत नाहीत. कापड रिंगमध्ये थोडं ताणून धरायचं, आणि प्रत्येक मोत्याची गाठ वेगळी. एका दोऱ्यात ओळ ओवली की कापड ताणताना दोरा तुटतो आणि सगळी ओळ जाते. बगलेजवळ काही लावू नका, दंड घासतात. हे काम रात्रभर चालतं, आणि ह्याचेच पैसे कोणी देत नाही असं जाऊबाईंचं म्हणणं. त्यांचा सगळा धंदा पाहुण्यांना चहा विचारून कप फडताळातच ठेवण्यासारखा. पोरगी त्याच टॉपवर पोहली, एक मोती निघाला नाही. वरून त्या सगळ्यांना सांगत होत्या की टॉप "आमच्या दुकानातला".

निगा विचारलीत. क्लोरीन, ऊन आणि तेल, हे तीन वैरी. पोहण्याआधी टॉप साध्या पाण्यात बुडवून घाला, म्हणजे कापड तलावाचं पाणी कमी पितं. बाहेर आल्याबरोबर पुन्हा साध्या पाण्यात. पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा. सावलीत वाळवा, आपल्याकडचं मेचं ऊन कपडा घटकाभरात वाळवतं खरं, पण लायक्राही मारतं. वॉशिंग पावडर, ब्लीच, कम्फर्ट, इस्त्री, काही नाही. थोडा शाम्पू पुरे. डोक्याला खोबरेल चोपडून पोहायला पाठवू नका, तेलाने स्पँडेक्स लवकर सैल पडतं. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात, शेवटचं पाणी गोड्या नळाचं घ्या. आरओचं वाया जाणारं पाणी वापरायची सवय असेल तर इथे नको, त्यात क्षार जास्तच असतात. आणि ओला टॉप पिशवीत बांधून विसरलात तर वास जात नाही.

किती दिवस टिकेल म्हणता? रोज क्लोरीनमध्ये गेला तर फार नाही, अधूनमधून घातला तर कापडाआधी मुलीचं मापच बदलेल. रोजच पोहणार असेल तर पॉलिएस्टर-पीबीटीचं कापड शोधा. ते क्लोरीनला दाद देत नाही, पण चमक नसते आणि आमच्या भागात सहज मिळत नाही.

एक राहिलं. सिलिकॉनचे शिंपले लावायचे असतील तर माझी सुई तिथे हरते, टाक्याच्या भोकातून सिलिकॉन फाटत जातं. ते ओलं असतानाच पाठीमागे जाळीचं कापड बसवायचं, मग त्या कापडाला शिवायचं. सिलिकॉनला सिलिकॉनच चिकटतं, बाकी कुठलाही डिंक नाही. म्हणजे चिकटवणं आलंच थोडं. हे जाऊबाईंना कळवायची गरज नाही.

आणि टॉप कितीही चांगला झाला तरी शेपटीत दोन्ही पाय बांधलेले असतात. पट्टीचा पोहणारा मोठा माणूस हाताच्या अंतरावर पाण्यात हवाच, आणि शेपटी झटकन काढायची सवय आधी उथळ पाण्यात. नदी, धरण, विहीर तर अजिबात नाही. तापीच्या गढूळ पाण्यात शेपटी कुठे अडकली ते वरून दिसणारही नाही.

शिलाई किती पडेल ते मला विचारू नका. त्या टॉपची अजून यायचीय.