बदकांना पोळी टाकावी का?

प्रश्न : रविवारी मुलांना घेऊन आम्ही मेहरूण तलावावर जातो. शिळी पोळी, पाव, शेव बदकांना टाकतो. परवा एका काकांनी टोकलं. खरंच अपाय होतो का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : होतो. पावाने बदकाचं पोट भरतं, पोषण मिळत नाही. शेवेतलं मीठ-तेल तर मुळीच नको. वाढत्या पिलांना असलं खाणं रोज मिळालं, तर पंखाचं टोक सांध्यातून बाहेर वळू शकतं. असं पिलू पुढे उडत नाही. उरलेले तुकडे तळाशी कुजतात, पाण्यातला प्राणवायू घटतो, शेवाळ माजतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी आटून तापलं की सडक्या गाळात बॉट्युलिझम या विषबाधेचे जिवाणू फोफावतात. त्यांच्या विषाने बदकाची मान लुळी पडते आणि ते बुडून मरतं.

मुलांची हौस मोडू नका, पण ती पाळीव बदकांपुरती ठेवा. कुटुंबामागे मूठभर ज्वारी, सोललेले मटार किंवा बारीक चिरलेला पालक पुरे. काठाशी उथळ पाण्यात चिमूट-चिमूट टाका. आधीचं संपलं नाही, तरंगत राहिलं, तर थांबा. बुरशी आलेलं काहीही नको. नंतर साबणाने हात धुवाच.

हिवाळ्यात हतनूर धरणावर उतरणाऱ्या चक्रवाक, थापट्या या रानबदकांना मात्र एक दाणाही नको. थापट्या पसरट चोचीने पाणी गाळून सूक्ष्म जीव टिपतो; त्याला आपली ज्वारी लागत नाही. शिवाय माणसाची भीती गेलेला रानपक्षी शिकाऱ्याच्या आयता हाती लागतो. तिथे दुर्बीण न्या, लांबूनच दाखवा.