आधी पत्र, मग कॉमिकेट

अगं, सजवलेली पत्रं लिहायची म्हणून सुरुवातीलाच हॅलो किटीचं अख्खं दुकान घरी आणू नकोस. एक लेटर सेट (जुळणारे कागद आणि पाकिटं), एक जेल पेन आणि दोन-तीन वाशी टेप, म्हणजे जपानी नक्षीदार चिकटपट्ट्या, पुरेत. ही टेप सहसा कागद न फाडता निघते, तेव्हा बिनधास्त लाव. फक्त पत्त्यावर स्टिकर नकोत, पोस्टमनला तो वाचायचाय!

टोकियोचं कॉमिकेट, म्हणजे चित्रकारांनी स्वतः काढलेल्या कॉमिक्सचा मोठा मेळा, गाठायचं तर ऑगस्ट किंवा डिसेंबर. १९७५ पासून चालू आहे, गर्दीचं विचारूच नकोस. हजार येनच्या नोटा आणि चिल्लर जवळ ठेव. टेबलामागे बहुतेकदा चित्रकार स्वतःच बसलेला असतो. पाचशेच्या पुस्तकाला दहा हजारांची नोट दिलीस तर बिचारा सुटे कुठून आणणार? कॉस्प्लेचा, म्हणजे आवडत्या पात्रासारखा, पोशाख घालून घरून निघायचं नाही, तिथेच बदलायचा. कुणाचा फोटो हवा असेल तर आधी विचार.